बारा गाड्यांतली पहिली

मित्रांनो, मी एक जुनी बैलगाडी आहे, पण बैलांशी माझी गाठ आता पडत नाही. चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे तिथल्या नगरपालिकेची थोडी फजिती व्हायची आहे.

सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. चाकांवर तापलेली लोखंडी धाव चढवली तेव्हा निघालेला धूर मला अजून आठवतो. सुपडू आबांच्या मळ्यातला कापूस मी तीस वर्षं वाहिला. मग ट्रॅक्टर आला आणि मी गोठ्यामागे जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. आता काय बोलणार?

वर्षातला एक दिवस मात्र माझा असे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे बारागाड्या ओढतात. बारा गाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून भरायची आणि ती लांबलचक रांग मरीमातेच्या देवळापासून वेशीपर्यंत भगताने ओढत न्यायची. आमचा भगत लोटन. आणि बारांतली पहिली मी. मागच्या अकराजणी माझ्यावर जळतात, त्याला माझा नाइलाज आहे.

यंदा मात्र सगळंच बुडणार होतं. नगरपालिकेने देवळासमोरचा रस्ता नव्याने करायला घेतला. मोहिनी नावाची धुळ्याची तरुण इंजिनिअर त्यावर नेमली होती. पोर मनाने चांगली. नव्या रस्त्यात गावाची कला दिसली पाहिजे, असा तिचा हट्ट. म्हणून तिने भर चौकात एक गोल चबुतरा आखला आणि त्यावर सिमेंटची बैलगाडी उभी करायचं ठरवलं. बारागाड्यांचा मान राखायला तिने नेमकी बारागाड्यांचीच वाट अडवली.

आबा हबकले. हायवेवरचा एक हॉटेलवाला मला दारात शोभेसाठी मागत होता. यंदा गाड्या पळाल्या नाहीत तर घेऊन जा, असं आबा त्याला जड मनाने सांगून बसले. मित्रांनो, मी खरंच घाबरले. पोटात कुंड्या घेऊन दारात उभं राहायचं, हे काय गाडीचं जिणं?

आबांनी मोर्चा काढला नाही की अर्ज दिला नाही. एका सकाळी त्यांनी बाराही गाड्या चौकात आणून बांधल्या आणि मोहिनीला बोलावून घेतलं. चबुतऱ्याच्या जागी चुन्याच्या फक्कीचा पांढरा गोल तिने आधीच काढून ठेवला होता.

"ताई, चित्र भलतं सुंदर शे," आबा म्हणाले. "पन आमन्या बारा गाड्या अठून कश्या वळतीन?"

"वळतील आबा. गाडीचं माप घेऊनच वळण ठेवलंय मी."

"कितल्या गाड्यासनं?"

"एकीचं," मोहिनी म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

लोटनने ओढायला सुरुवात केली. मी झोकात वळले. दुसरीही वळली. तिसरी तिरकी झाली. पाचवी थेट फक्कीच्या गोलात शिरली आणि सहावी तिच्यावर आदळता आदळता राहिली. लोक हसले. मोहिनी हसली नाही. तिने मोबाइलमधला एक फोटो काढून आबांना दाखवला. तोच बघून तिने चित्र काढलं होतं. फोटो समोरून घेतलेला, त्यात मी एकटीच छाती काढून उभी आणि बाकीच्या अकरा माझ्याआड लपलेल्या. थोडा दोष माझाही होता म्हणा.

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि स्वतःच्या चपलेने फक्की पुसू लागली.

"आते बठ्ठं सुधरी जाई," सगळं नीट होईल असा धीर देत लोटन म्हणाला आणि तोही पाय घासू लागला.

नवा नकाशा करताना तिने लोटनला शेजारी बसवून घेतलं. रस्त्याचा मधला पट्टा सरळ आणि मोकळा राहिला. सिमेंटची गाडी कडेच्या निंबाखाली गेली आणि तिच्याभोवती बायकांना आखाजीची गाणी म्हणायला कट्टा झाला. हॉटेलवाल्याला आबांनी चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुम्ही मोठे होऊन गावं आखाल, रस्ते आखाल, तेव्हा आम्हाला हार घालून कोपऱ्यात उभं करू नका. आम्हाला पळायला वाट ठेवा, आणि ती कुठून जाते ते ओढणाऱ्याला विचारा.

परवा आखाजीला आम्ही पळालो. मोहिनी माझ्यातच बसली होती, माझा दांडा घट्ट धरून. सगळे पुढे लोटनकडे बघत होते. ती एकटी मागे वळून मोजत होती. धुरळ्याने तिचा घसा बसला होता, तरी शेवटचं "बारा" मला स्पष्ट ऐकू आलं.