महाराजांच्या दोन घागरी

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या सेलरमधून, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमधून, त्या दिवशी सगळ्या गाड्या बाहेर काढल्या होत्या. पाण्याचा टँकर आला तरी गाडी न हलवणारी ही माणसं आज न सांगता रस्त्यावर गाड्या लावून आली, कारण सेलरमध्ये देवी येणार होती. चिक्कडपल्ली, हिमायतनगर, जिथं जिथं मराठी घरं आहेत तिथून बायका रेशमी साड्या नेसून हजर झाल्या. चौरंगावर हरिद्रानंद महाराज बसले होते. कपाळ, दंड, छाती, पोट, सगळीकडे हळद थापलेली. मी मूळची पुण्याची, म्हणजे विचारलं नाही तरी मत देणारी. पण एवढी हळद एकाच माणसावर पाहून माझीही बोलती बंद झाली.

महाराजांच्या मागे हळदीत भिजवून वाळवलेलं कापड ताणून बांधलं होतं. पुढे दोन घागरी. तांब्याची सवाष्णींसाठी, मातीची विधवांसाठी. घागरीत हात बुडवायचा आणि ओला पंजा कापडावर उमटवायचा.

"माता सब देखती है!" महाराज गरजले. "कोणाचा हात शुभकार्याला चालतो नि कोणाचा नाही, मी कोण सांगणार? मी तर तिचा पोस्टमन!"

पहिला मान सुशीलाबाईंचा. सोसायटीचे अध्यक्ष नामदेवराव यांच्या त्या पत्नी. त्यांचा पंजा उमटला, कापड पिवळंच राहिलं. मागोमाग सगळ्या सवाष्णींचे पंजे उमटले, तेही पिवळेच. मग भाग्यलक्ष्मीबाई पुढे आल्या.

भाग्यलक्ष्मीबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगी अश्विनी शाळेत असतानाच नवरा गेला. काचीगुड्याला साड्यांचं दुकान एकटीनं चालवून त्यांनी मुलीला डॉक्टर केलं, दातांची का होईना. दोन दिवसांनी अश्विनीची हळद होती आणि तिनं जाहीर करून टाकलं होतं, "पहिली हळद आईच लावणार." बायकांना हे पसंत होतं. गेल्या संक्रांतीला आम्हीच ठरवलं होतं की हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचं. नामदेवरावांना मात्र ते तेव्हापासून पचलं नव्हतं. "आमच्याकडं निजामाच्या काळापासून चालत आलंय," असं ते म्हणत, जणू निजामानं तसा हुकूमच काढला होता. घरात बायकोही ऐकेना, तेव्हा ते कुठून तरी हे महाराज घेऊन आले.

भाग्यलक्ष्मीबाईंनी मातीच्या घागरीत हात बुडवला, पंजा कापडाला लावला. बघता बघता पंजा लालभडक झाला.

"देवी कोपली! माता नाराज है! तल्ली कोपंगा उंदी!" महाराज तीन भाषांत ओरडले, कोणी सुटायला नको म्हणून. बायकांनी गालावर चापट्या मारून घेतल्या. संक्रांतीचा ठराव तिथल्या तिथे विरघळला. सुशीलाबाई माझ्या कानाशी लागल्या, "हळद मीच लावते बाई. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

घरी गेल्यावर भाग्यलक्ष्मीबाई मुलीला म्हणाल्या, "माझ्या हातानं नक्को गं. तुझ्या संसाराला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?" मी तिथंच होते. अश्विनीनं आईचे हात हातात घेतले. बोटं कोरडी पडली होती, नखांच्या कडेला पांढुरकं काही वाळलं होतं.

"आई, चरचरतंय का?"

"हौ. कोपच आहे तो."

अश्विनीनं ती बोटं उजेडात धरून नीट पाहिली. "उद्या महाराजांनी विधवांना प्रायश्चित्ताला बोलावलंय ना? आपण जाऊ. फक्त हात तांब्याच्या घागरीत घालायचा."

"सवाष्णींच्या? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते म्हणू देत. माझी हळद तूच लावायचीस."

दुसऱ्या दिवशी सेलरमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. भाग्यलक्ष्मीबाईंनी तांब्याच्या घागरीकडे हात नेला आणि गलका झाला. "अहो, ती नाही!" "विटाळ होईल!" नामदेवराव धावले. बाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. पंजा कापडावर टेकला. पिवळाच!

महाराज लगेच सावरले. "चमत्कार! सवाष्णींच्या पुण्याईनं मातेनं माफ केलं!"

"मग हे पण माफ करा," म्हणत अश्विनीनं मातीची घागर उचलली आणि महाराजांच्या पोटावर रिकामी केली.

हळदीचं पोट लाल झालं. छातीपासून धोतरापर्यंत लाल ओघळ धावले. अश्विनीनं अगदी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "महाराज, तुमचे मिस्टर कधी गेले?"

आधी सुशीलाबाईच फसकन हसल्या, मग सगळा सेलर.

"या घागरीत चुन्याची निवळी आहे," अश्विनी म्हणाली. "दिसते पाण्यासारखीच. आईच्या बोटांवर चुना वाळला होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते. साबणानंही होते. शर्टावरच्या वरणाच्या डागाला तुम्ही साबण लावता तेव्हा लाल होतो ना? तेव्हा कोणती देवी कोपते? काकू, पूर्वी घरी कुंकू कसं करायचे?"

"हळदीला चुना लावून," सुशीलाबाई म्हणाल्या आणि कालच्या लाल पंजाकडे बघत राहिल्या. "अगं बाई! म्हणजे भाग्यलक्ष्मीच्या हाताला कुंकूच लागलं की!"

महाराज त्याच लाल पोटानं रिक्षात बसून पसार झाले. नामदेवराव म्हणाले, "मला काय ठाऊक?" आणि ते खरंच असावं.

पण चुना आणला महाराजांनी. घागरी मात्र आमच्याच होत्या. त्या दोनच्या ऐवजी एक असती, तर हा खेळ उभाच राहिला नसता. सवाष्ण मातीच्या घागरीला शिवणार नाही आणि विधवा तांब्याच्या घागरीला शिवायला धजणार नाही, याची महाराजांना खात्री होती. ती त्यांना आम्हीच दिली. डाग धुताना रोज जे डोळ्यांनी पाहतो, ते भीतीपोटी विसरू नका. कोणी देवाचा कोप दाखवला, तर आधी त्याची घागर तपासा. आणि नंतर आपल्या घरातली.

हळदीच्या दिवशी सुशीलाबाईंनी हळदीची वाटी स्वतः भाग्यलक्ष्मीबाईंच्या हातात दिली. बाईंनी आधी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग लेकीच्या गालाला हळद लावली. नामदेवराव पुढे वाकून निरखत होते. हळद पिवळीच राहिली.