ठेवू का?

"संशयित रोज फोनवर विचारायचा, 'ठेवू का?' आणि बहीण म्हणायची, 'ठेव.' काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, छडा लागेना. म्हणून आम्ही ऐकत राहिलो," फोन चोरून ऐकणारा सरकारी कानवाला कोर्टात म्हणाला.

हशा पिकला. इस्त्रीवाली हसली नाही. संशयित म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बसचालकांच्या संपाचा पुढारी. फोन ठेवू का, एवढंच तो विचारायचा. या दीडशहाण्यांना त्यात बॉम्ब दिसला! ऐकायच्या परवानगीची मुदत संपली, संप मिटला, तरी यांचे कान तिच्या घरात. छातीत कळ येऊन भाऊ गेला तेव्हा थांबले. लाज वाटली म्हणून नव्हे, ऐकायला कुणी उरलं नाही म्हणून.

बेकायदा ऐकलेलं सगळं पुसा, हा एकच हट्ट धरून ती भांडली. आज जिंकली. आणि जिंकल्यावर तिच्या ध्यानात आलं. भावाचा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता. होता तो सरकारच्या कपाटात.

"वकीलबाई, पुसायच्या आधी मला एकदा ऐकता येईल?"

"अर्ज करू. पण ताई, त्याचा निकाल लागेपर्यंत सगळंच ठेवावं लागेल. सरकारी वकील टपूनच बसलाय. मग ते कुणाच्या हाती पडेल, मी नाही सांगू शकत."

सगळंच म्हणजे रात्री-अपरात्री भावाला फोन करून रडलेले चालकसुद्धा. कुणाची बायको आजारी, कुणाची सोडून गेलेली.

वकीलबाईंनी उठून अर्जाचं विचारलं. न्यायाधीश खाली वाकले. "बाई, तुमच्या अर्जासाठी रेकॉर्डिंग तूर्त ठेवू का?"

'ठेव' अगदी जिभेवर आलं. सवयच ती. तिने ते गिळलं.

"नको. पुसा."

बाहेर लिफ्टपाशी कानवाला एकटाच उभा होता. तिने त्याला गाठलं.

"शेवटच्या फोनवर तो काय म्हणाला रे? मी कपड्यांच्या ढिगात होते. नुसतं हूं हूं करत होते. मला आठवतच नाही."

"मावशी, नाही सांगता येणार. आत्ताच हुकूम झालाय. कायदा आहे."

"आणि ऐकताना कुठे शेण खायला गेला होता तुझा कायदा?"

त्याने मान खाली घातली. लिफ्टचं बटण दाबलं. पठ्ठ्या आयुष्यात पहिल्यांदा कायदा पाळत होता, आणि तो त्याच्या गळ्यात तिनेच बांधला होता. टेप पुसली जाईल. त्याचे कान कोण पुसणार? भावाचे शेवटचे शब्द जगात एकाच माणसापाशी होते, आणि तो लिफ्टमध्ये शिरला. दार लागलं.

दुकानात येऊन तिने इस्त्री तापायला लावली. फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतली शिक्षिका.

"मावशी, माझे कपडे झाले?"

"झाले."

"उद्या नेते हं. ठेवू?"

तिचे ओठ हलले, आवाज फुटेना.

"मावशी? आहात ना? ठेवू का?"

ती रिसीव्हर कानाला घट्ट दाबून तशीच उभी राहिली. शेवटी पलीकडूनच फोन ठेवला गेला.