चूक कोणाची

"फोर्क वाकलाय, हेडलाइट गेला, टाकीला हा एवढा पोचा," गॅरेजवाला उकिडवा बसून एकेका जागी पाना टेकवत म्हणाला. "आणि इंडिकेटर तर तुम्ही खिशातच घालून आणलाय. महिन्याचा पगार माझ्याकडे द्या आता. विमा आहे ना?"

"आहे."

"मग क्लेम टाका की. अंगावर कशाला घेताय?"

उजव्या कोपराची पट्टी सरकली होती, ती डाव्या हाताने वर ओढून बारीकराव बसथांब्याकडे चालायला लागले.

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम ते एकतीस वर्षं करत होते. काचेवरचा केसाएवढा चरा त्यांना दिसायचा, म्हणून दुकानात त्यांना बारीकराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. अशा माणसाला लख्ख उजेडात, मोकळ्या रस्त्यावर, पिवळा रंगवलेला दुभाजक दिसला नाही. जगाचे चष्मे करता करता आपलाही नंबर वाढलाय, हे त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पुढचं चाक दुभाजकावर चढलं आणि ते गाडीसकट आडवे झाले. आजूबाजूला दोष द्यायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

"नशीब थोडक्यात निभावलं," शेजारचा विमा एजंट संध्याकाळी घरी येऊन म्हणाला. "पण काका, विमा कंपनी म्हणजे सासर. मागितल्याशिवाय देणार नाही आणि मागितलं की दहा प्रश्न विचारणार. तुम्ही नुसतं हो म्हणा, अर्ज मी भरतो. फक्त गाडी मुलाच्या नावावर आहे. त्याच्या फोनवर सहा आकडे येतील, ते तेवढे विचारून घ्या."

"राहू दे मग," बारीकराव म्हणाले.

एजंट गेल्यावर बायको हात पुसत बाहेर आली. "राहू दे कशाला? करा फोन."

"कोणत्या तोंडाने?"

"या निमित्ताने आवाज तरी कानावर पडेल."

"म्हणजे भीक मागू त्याच्याकडे?"

"आकडे मागायचेत, भीक नाही. मान मान करत बसू नका. तुमचा मान पडलाय त्या गॅरेजात."

मुलगा पूर्वी त्याच दुकानात पुढच्या काउंटरवर होता. डोळे तपासून झाले की नंबर चिठ्ठीवर उतरवून मागे पाठवायचा. पहिल्या वर्षाचे पैसे साठवून त्याने ही मोटारसायकल घेतली होती. सकाळी बापलेक तिच्यावरूनच कामाला यायचे, बाप मागे, मांडीवर दोघांचे डबे. चार वर्षांपूर्वी एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली. बाई जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं. त्यांचा नवरा दुकानात येऊन नाही नाही ते बोलला. मालकाने मागच्या खोलीचा पडदा सरकवला आणि विचारलं, "चूक कोणाची?"

चिठ्ठी बारीकरावांच्या हातातच होती. मुलाच्या नीटस अक्षरात, अगदी बरोबर लिहिलेली. त्यांनी मूठ मिटली आणि म्हणाले, "पुढून आलं तसं बसवलं."

मुलगा पडद्याशीच उभा होता. तो वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. त्याने नुसता दुकानाचा कोट काढला, घडी केली आणि काउंटरवर ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आता बोलून काय होणार? त्याला दुसरीकडे मिळेल काम. तुम्हाला या वयात कोण उभं करणार?" मुलगा आतल्या खोलीत होता आणि मधली भिंत पत्र्याची होती. आठ दिवसांनी तो दुसऱ्या शहरात निघाला. बापाने गाडीची किल्ली पुढे केली, तर म्हणाला, "असू दे. नोकरी असलेल्या माणसाला गाडी लागते."

त्यानंतर तो आला नाही. आईने केलेले फोन त्याने कधी उचलले नाहीत. वर्षातून एकदा मात्र तो गाडीच्या विम्याचा हप्ता भरायचा आणि नवा कागद बापाच्या फोनवर पाठवायचा. सोबत एक शब्द नसायचा. बायको तो कागद उघडायला लावायची आणि वाचता येण्यासारखं काही नसलं तरी शेवटपर्यंत बघायची. ते दोघंही त्याविषयी बोलत नसत, पण तो महिना जवळ आला की फोन उशाशी ठेवला जाई.

सहा दिवस बारीकराव बसने कामाला गेले. सातव्या दिवशी एजंट भरलेला अर्ज घेऊनच आला. 'अपघात कसा झाला' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, समोरची रिक्षा अचानक थांबल्यामुळे.

"रिक्षा नव्हती," बारीकराव म्हणाले.

"असते हो काका. रिक्षा कुठे नसते? तिचा नंबर कोण मागतोय?"

बायकोने फोन त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. पाच वेळा घंटा वाजली.

"बोला," मुलगा म्हणाला.

आवाज जाड झाला होता. बारीकरावांनी गाडीचं सांगितलं, क्लेमचं सांगितलं, आकड्यांचं सांगितलं. वाक्यं त्यांनी दिवसभर काचा घासताना जुळवली होती, तरी मागेपुढे झाली.

"चूक कोणाची होती?"

बारीकरावांनी टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. "माझी. समोर कोणी नव्हतं."

"तसं लिहिलंय?"

"नाही. लिहितो."

एजंट कानकोंडा होऊन छताकडे बघत राहिला. मग मुलाने सहा आकडे सांगितले, सावकाश, दोन वेळा, जसा तो पूर्वी गिऱ्हाइकाला नंबर वाचून दाखवायचा तसे.

"आणि गाडी तुमच्या नावावर करून घ्या," तो म्हणाला. "कागद पाठवतो. म्हणजे पुढे माझं काही काम पडणार नाही."

"तुझ्या आईला देऊ का..."

फोन बंद झाला होता. बायकोने पुढे केलेला हात तसाच होता. तो तिने पदराला पुसला.

"हाताला लागलंय ते नाही सांगितलंत?"

"त्याने विचारलं नाही."

"तुम्ही सांगायचं."

बारीकरावांनी पेन घेतलं, रिक्षावर काट मारली आणि खाली लिहिलं, दुभाजक दिसला नाही. चूक माझी. एजंट चरफडला. "आता उगाच काही कापलं तर मला बोलू नका."

काहीच कापलं गेलं नाही. तीन आठवड्यांत क्लेम मंजूर झाला, गाडी नव्या फोर्कसकट दारात आली. चूक आपली आहे असं लिहून दिल्याने कुणी त्यांना साधा एक प्रश्न विचारला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही तशीच झोपली.

महिनाअखेरीस कुरियरने पाकीट आलं. आत गाडी नावावर करण्याचे अर्ज होते, जिथे जिथे विकणाऱ्याने सही करायची तिथे तिथे सही केलेले. बायकोने पाकीट उलटं करून झटकलं. मग आत हात घालून तळापर्यंत चाचपून पाहिलं.

"चिठ्ठी नाही?"

"नाही दिसत."

बारीकरावांनी अर्ज खिडकीपाशी उजेडात नेला. शाळेत असल्यापासून मुलगा सही करायचा ती तीन तुकड्यांत. आधी स्वतःचं नाव, मध्ये बापाच्या नावाचं एक अक्षर, मग आडनाव. पहिल्यांदा शिकवली तेव्हा मधलं अक्षर त्यांनीच त्याचा हात धरून गिरवून घेतलं होतं. इथे प्रत्येक पानावर स्वतःचं नाव होतं आणि आडनाव होतं. मधे जागासुद्धा सोडलेली नव्हती. हात सराईत होता, म्हणजे अशी सही करायची सवय आजची नव्हती.

"एवढं काय बघताय?" बायकोने विचारलं. "त्याचीच सही आहे ना?"

"त्याचीच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विकत घेणाऱ्याच्या जागी आपली सही केली.