मागची खिडकी

आई गेल्यावरही खर्जकाका रविवारची उपासना आटोपताच नेहमीसारखे जेवायला आले. चर्चच्या गायनात सर्वांत खालचा सूर त्यांचा, म्हणून हे नाव. "जरा मीठ द्या" म्हणाले तरी कपाटातल्या बश्या किणकिणत. ते आपल्या ठरलेल्या खुर्चीत टेकले आणि आईच्या आठवणींचं गाठोडं सोडून बसले.

लेकीला ते सोसवेना. तिला मुकाट्याने दोन घास खायचे होते, आणि काका पोटभर जेवले की संध्याकाळपर्यंत हलत नसत. आई जेवणाआधीच्या प्रार्थनेत शेवटी नेहमी मागायची, "प्रभू, अन्न थोडं असलं तरी चालेल, पण दार लोटायची बुद्धी देऊ नको." आज प्रार्थना लेकीने केली, तेवढं वाक्य गाळून.

आत रश्श्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. तिने वाडग्यात थोडासाच रस्सा आणला आणि भावाला सहज विचारल्यासारखं केलं, "मागची खिडकी लोटलीस का रे?"

ही आईची युक्ती. पाहुणे अवचित वाढले, जेवण अपुरं पडेलसं दिसलं, की ती हे विचारी. घरच्यांनी ओळखून हात आखडता घ्यायचा. खरं तर त्या घराला मागे खिडकीच नव्हती, पण इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

भावाने निमूटपणे अर्धा पाव परत ठेवला. आणि काकांनीही, बोलता बोलता थांबून, ताटावर हात आडवा धरला.

"मला नको गं. सकाळचंच अजून जिरलं नाही."

अशा वेळी बाबा नेमकं हेच म्हणत. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं.

"तुझ्या आईनं," काका म्हणाले, जमेल तितक्या हळू. "म्हणाली, आता तुम्ही काही पाहुणे नाही, तेव्हा खिडकीचं तुम्हालाही लागू. त्या दिवशी अर्धपोटी घरी गेलो, पण काय सांगू, पाय जमिनीवर नव्हते."

मग घरच्या माणसासारखं स्वतःचं ताट उचलून ते आत ठेवायला गेले. भरलेलं पातेलं आत समोरच होतं. मग पातेल्यावर झाकण हलकेच बसल्याचा आवाज.

बाहेर आल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "खिडकी लोटून आलोय मी," ते भावाला म्हणाले. "जेवा तुम्ही. येतो." आणि बूट घालायला वाकले.

तिचे कान तापले. ती उठली, पातेलं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि मेजाच्या मधोमध ठेवलं. भावाने झाकण काढून पाहिलं.

"अगं, एवढं होतं? मग खिडकी कशाला..."

"खिडकी नाहीच आहे," ती म्हणाली. "बसा, काका."

काका एक बूट पायात तसाच ठेवून बसले. तिने वाढलं तेवढं खाल्लं. आईबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिला हवी होती ती शांतता आता मेजावर होती, आणि तिचे दोन घास ताटात तसेच होते.