ढाबळीचं तोंड

ढाबळीचं तोंड आग्नेयेलाच हवं, यावर पेपे अडून बसले होते. परसाच्या टोकाला उभं राहून आग्नेयेकडे पाहिलं की समोर आमचंच घर येत होतं. खाली स्वयंपाकघराची मोठी काच आणि तिच्यावर एल्केच्या खोलीची खिडकी.

"पश्चिमेला केलं तर?" मी विचारलं. "तिकडे नुसतं शेत आहे. धूळ शेतात जाईल."

"आणि पाऊस ढाबळीत येईल. ओली ढाबळ म्हणजे कबुतरांची शवपेटी, पोरी. सकाळचं ऊन त्यांच्या छातीवर पडलं पाहिजे. विद्यापीठात एवढंही नाही शिकवलं तुला?"

"विद्यापीठात मला मातीबद्दल शिकवलं, पा."

"मग माझी माती होईपर्यंत थांब. तेव्हा घेईन तुझा सल्ला."

योरिस खो खो हसला. त्याला हसू येणारच. त्याचे वडील कित्येक महिन्यांनी कोणाची तरी टर उडवत होते.

पेपे म्हणजे माझे सासरे, फिर्मां. आमची मुलगी एल्के त्यांना पेपे, म्हणजे आजोबा, म्हणते, म्हणून मीही मनात तेच म्हणते. सासूबाई गेल्या, जिने चढवेनात, म्हणून त्यांनी देंदर नदीकाठचं घर विकलं आणि आमच्या परसातल्या मागच्या खोलीत राहायला आले. आले ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. सूप निवून वर साय धरायचं. दाढी वाढली. पेपर उघडायचेही नाहीत. आयुष्यभर त्यांच्या घरी कबुतरं होती, आता नव्हती. डॉक्टर म्हणाले, यांना औषधाची गरज नाही, सकाळी उठायला काहीतरी कारण द्या. योरिसने त्याच संध्याकाळी ढाबळीचा विषय काढला.

मला नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना. एल्के तान्ही असताना दोन हिवाळे आम्ही हॉस्पिटलात काढले होते. तेव्हापासून माझी नजर सतत तिच्या गळ्याखालच्या खळीवर असते. श्वास घेताना ती खळी आत ओढली गेली की समजायचं, निघा. आता ती पाच वर्षांची झाली होती, सायकल चालवत होती, आणि तिला आठवतही नव्हतं. मला मात्र आठवत होतं. मी आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घरापासून लांब बांधा, स्वच्छ ठेवा. मग बघू."

"बघू" हा शब्द डॉक्टरांना परवडतो.

तर मग मी ठरवलं की बांधायचीच असेल तर माझ्या नकाशाप्रमाणे. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले होते. एका बाजूला पेपे, एका बाजूला मी, आणि मध्ये योरिस पेन्सिलींना टोकं करत बसलेला. तोंड आग्नेयेला, हे मी मान्य केलं. त्याच्या बदल्यात मागच्या भिंतीत वरपर्यंत आडव्या फटी मागून घेतल्या, म्हणजे हवा पुढून आत शिरेल आणि धूळ घेऊन मागून शेताकडे जाईल. छपराला जुनी मातीची कौलं. त्यावर आमचं ताबडतोब एकमत झालं. कौलांच्या सांध्यांतून ढाबळ श्वास घेते, हे पेपे म्हणाले आणि मला ते पटलं. जमिनीपासून गुडघाभर उंच, विटांच्या पायांवर, म्हणजे ओल नको आणि उंदीरही नकोत. आत दोन खण. पुढे उतरायला फळी, आणि फळीच्या वर लोंबत्या तारांचं दार. कबुतराने छातीने ढकललं की ते आत जातं, पण बाहेर येऊ शकत नाही.

"फळी आणखी रुंद कर," पेपे म्हणायचे. "दमून आलेल्याला पाय टेकायला जागा नको?"

"केवढी? विमान उतरणार आहे का?"

"माझं पाखरू विमानापेक्षा वेळेवर येतं."

वसंतात योरिसने ती बांधली. मी रंगवली, हिरवी. सगळ्यांत आधी एल्के तिच्या आत जाऊन बसली आणि म्हणाली, हे माझं घर. खरंच देखणी झाली होती ढाबळ. शेजारीपाजारी कुंपणावरून बघून जायचे. मला माझ्या त्या फटींचा अभिमान वाटायचा. उदबत्ती पेटवून मी धुराची रेघ मागच्या भिंतीकडे जाताना बघितली होती.

पेपेंचे मित्र ओडिलोन यांनी कोवळी पिल्लं दिली, ज्यांनी अजून बाहेरचं आभाळ पाहिलं नव्हतं. पेपे त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात घालून फळीवर ठेवायचे आणि बोट दाखवून सांगायचे, ते चर्चचं टोक, ती पाण्याची टाकी, ते आपलं घर, नीट बघून ठेवा. एल्के त्यांच्या मांडीवर बसून तेच पुन्हा सांगायची. पेपे दाढी करायला लागले. सकाळी विष्ठा काढायची खरवडणी घेऊन ढाबळीत, संध्याकाळी पुन्हा. दुपारी दोन बटाटे जास्त मागून घ्यायचे. "मेलो नाही तर जेवायला नको?" म्हणायचे. योरिस मला स्वयंपाकघरात मागून मिठी मारून म्हणाला, "बघ, ग्रीत. बघ त्यांच्याकडे."

मी बघत होते. खिडकीच्या चौकटीवर बसणारी पांढरी भुकटीही बघत होते. पिठासारखी, बोट फिरवलं की रेघ उमटायची. कबुतरांच्या पिसांतून ती सतत झडते. माझ्या फटींतून बरीचशी शेतात जात असेलही. बाकीची पेपेंच्या कोटावर बसून घरात येत होती.

जूनमध्ये एल्के खोकू लागली.

"फ्लांडर्समध्ये न खोकणारं पोर दाखव मला," योरिस म्हणाला.

"हा खोकला कोरडा आहे. संध्याकाळी वाढतो."

"तू ऐकत बसतेस म्हणून वाढतो."

खोकल्याचं औषध दिलं, वाफ दिली. तिला ढाबळीत जायची बंदी केली. ती रडली. पेपे म्हणाले, "आत नको तर नको. माझ्याबरोबर बाकावर बसेल. बाकावर बसायला काय हरकत आहे?" रक्ताची तपासणी करायला दिली. निकालाला वेळ लागणार होता. मी तिला बाकावर बसू दिलं.

मग कबुतरांच्या शर्यतींचा मोसम आला. आमच्या भागात शर्यतीच्या रविवारी परसात एक वेगळाच कायदा असतो. शुक्रवारी संध्याकाळी कबुतरं टोपल्यांत भरून फ्रान्सला जातात, तिथून सोडतात, आणि रविवारी घराघरांत माणसं आभाळाकडे बघत बसतात. पायातल्या कड्याची फळीवरच्या यंत्रात नोंद झाली तरच कबुतर आलं असं धरतात. कौलावर बसून राहिलं तर कितीही आधी येवो, उपयोग नाही. म्हणून त्याला बिचकवायचं नाही. दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, गवत कापायचं नाही, दार आपटायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. जिच्याकडे एकही कबुतर नाही अशी आमची शेजारीणसुद्धा त्या सकाळी आपल्या चादरी काढून आत घेते. इथे वाढलेल्या माणसाच्या ते अंगातच असतं.

तो रविवार कडक उन्हाचा होता. पेपे बाकावर, शेजारी एल्के. योरिस ढाबळीच्या कोपऱ्याशी कबुतरांना बोलवायला वाजवायचा वाळल्या मटारांचा डबा घेऊन उभा. मी स्वयंपाकघरात, काचेच्या आत, हात पुसायचं फडकं धरून. मीही हलत नव्हते.

निळी आली. पेपेंची लाडकी मादी. चर्चच्या बाजूने खाली झेपावली, एक घिरटी घातली आणि कौलावर उतरली. पेपे हळूच म्हणत होते, "ये. ये ग माझे बाई. ये." योरिसने डबा वाजवला. निळी मान वाकडी करून बघत राहिली.

आणि माझ्या मनात आलं ते हे, की बराच वेळ झाला, एल्के खोकलेली नाही. मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की मी काचेला कपाळ टेकलं. औषध लागू पडलं, ऊन लागू पडलं, मी उगाच घाबरत होते.

मग तिचे खांदे दिसले. ते कानांपर्यंत वर गेले होते आणि खाली येत नव्हते. दोन्ही हात तोंडावर घट्ट. ती खोकला दाबून धरत होती. निळी बिचकेल म्हणून. डोळे कौलावर लावून, पेपेंच्या शेजारी शहाण्यासारखी बसून, ती श्वासच घेत नव्हती. आणि हातांच्या वर जेवढा चेहरा दिसत होता, त्याचा रंग बदलला होता.

मी दार उघडायला हवं होतं. माझा हात कडीवर होता. आणि तरी एकदा, पापणी लवेल एवढाच वेळ, मी कौलाकडे बघितलं.

मग धावले. दार आपटलं. निळी उडाली.

"अगं एक मिनिट! एकच मिनिट थांबायचं होतंस!" पेपे आभाळाकडे बघत ओरडले. त्यांनी अजून एल्केकडे बघितलंच नव्हतं. मी तिला उचललं तेव्हा तिच्या गळ्याखालची खळी अंगठा मावेल एवढी आत गेली होती. तेव्हा त्यांनी बघितलं. 

हॉस्पिटलात तिला मास्क लावला. संध्याकाळी तो जरा बाजूला केला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "निळी आत गेली? मी नाही खोकले, आई."

"गेली," योरिस म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

तपासणीचा निकालही आला. जे मी जूनपासून म्हणत होते तेच, कबुतरांच्या भुकटीची ॲलर्जी. मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पक्षी जायला हवेत. सगळे. आणि लगेच."

योरिसने ओडिलोनना फोन केला. मी शेजारी उभी होते. म्हाताऱ्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"घेतो रे, पण ठेवू कुठे? त्यांना आता तुमचं घर पाठ झालंय. मी दार उघडलं की माझ्या आधी ती तुमच्या कौलावर असतील."

"कोंडून ठेवा ना."

"जन्मभर? कोंडून ठेवतात ते विजेत्यांना, पिल्लांसाठी. तुमची साधी पाखरं. तुझ्या बापाला विचार, काय करायचं ते त्याला माहीत आहे."

पेपेंना विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलातून कपडे न्यायला आले तेव्हा ते विटेवर बसून मांडीवरच्या कबुतराची पिसं काढत होते. शेजारी झाकलेलं पातेलं. ढाबळीतून काही आवाज येत नव्हता.

"पा," मी म्हणाले.

"एका पारड्यात पोर आणि एका पारड्यात पाखरं. यात विचार कसला करायचा?" त्यांनी मान वर केली नाही. "तू चांगली बांधली होतीस. हवा खेळती होती. मी सांगितलं होतं ओडिलोनला, सूनबाईने काढलेला नकाशा आहे म्हणून."

त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

योरिसने ढाबळ पाडली, फळ्या शेताच्या कडेला जाळल्या. मी घराच्या भिंती पुसल्या, गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले. एल्के घरी आली. घरात शिरताच ती धावत पेपेंकडे गेली आणि त्यांच्या कोटात तोंड खुपसलं. पाच मिनिटांत तिची छाती वाजायला लागली.

पेपे आपल्या कोटाकडे बघत राहिले. मग बाहीवर एक थापटी मारली. उन्हात भुकटीचा एक ढग उठला.

मी तो कोट दोनदा धुतला. सदरे, स्वेटर, टोपी. खुर्चीची गादी फेकून दिली. मागच्या खोलीतलं कपाट रिकामं करून आतून पुसलं. तरी एल्केला त्यांच्याजवळ बसू दिलं की रात्रीपर्यंत तो कोरडा खोकला यायचाच. कदाचित त्यांच्यामुळे नसेल. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही, छाती एकदा दुखावली की कुठल्याही कारणाने वाजते. पण पेपेंनी ऐकलं ते एवढंच, की "सांगता येत नाही". ते मागच्या खोलीत एकटे जेवायला लागले. म्हणजे ताट आत घ्यायचे. जेवायचे की नाही, ते ताट परत आल्यावर कळायचं.

सप्टेंबरात त्यांनी स्वतःच वृद्धाश्रमाला फोन केला.

"पा, हे काय?" योरिस म्हणाला. "आम्ही काय तुम्हाला जा म्हणालो?"

"नाही म्हणालात." पेपे बुटाची नाडी बांधत होते. "मी साठ वर्षं पाखरांत काढली, योरिस. कातडीखाली किती धूळ बसली असेल, ती तुझी बायको कुठल्या मशीनमध्ये धुणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राहा म्हण, असं ते बघणं नव्हतं. मला ते कळत होतं आणि तरी मी एक शब्द बोलायला हवा होता. राहा ना, पा. एवढंच. योरिसही माझ्याकडे बघत होता. मी दाराशी उभी होते, एल्केला आत ओढून धरून, आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. निघाला असता तर ते खोटं ठरलं असतं, आणि निघाला नाही तेही काही खरं नव्हतं.

योरिसने बॅग गाडीत ठेवली. पेपे पुढे बसले आणि काच वर करून घेतली.

त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी मी सकाळी दूध गरम करत होते. योरिस बापाला भेटून आला होता आणि पेपर समोर धरून बसला होता. ते भिंतीकडे तोंड करून असतात, एवढं त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. परसात ढाबळीच्या जागी नुसती चौकोनी माती होती. मागची खोली रिकामी, धुतलेली, उघडी. घरात कुठे एक पीस नव्हतं.

वरच्या खोलीत एल्के जागी झाली. आधी पलंग कुरकुरला, मग जमिनीवर पाय वाजले. मी दूध सोडून जिन्याशी जाऊन उभी राहिले. योरिसनेही पेपर खाली केला.

ती खोकली. कोरडा, तोच. थांबली, आणि पुन्हा खोकली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. घरातून काढायला आता काहीच उरलं नव्हतं.