बिनशेऱ्याच्या तक्रारी

रिसीव्हरला अजून अभिमनच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता — तो जेवायला गेला तरी फोन त्याचाच, तक्रार कक्षही त्याचाच... लीलाधरने रुमालाने रिसीव्हर पुसला आणि स्वतःचीच लाज वाटून रुमाल खिशात कोंबला.

समोर पडद्यावर संगणकातून यादी काढायची क्वेरी तयार होती. धुळ्याच्या या पंपांच्या कारखान्यात तक्रारी ऐकणारे दोघंच, तो आणि अभिमन. कोणी किती मिटवल्या याची यादी साहेबांना आज हवी होती, कारण जळगावच्या नव्या कक्षाचा प्रमुख त्यावरून ठरणार होता. संगणकात तक्रारींचं एक टेबल, त्या कशा मिटवल्या याच्या शेऱ्यांचं दुसरं. तक्रार क्रमांकाने दोन्ही जोडली की झालं. त्याने कळ दाबली. त्याचं नाव वर, शेकड्यांनी. अभिमनच्या नावापुढे जेमतेम वीस-पंचवीस.

कारण त्याला ठाऊक होतं. अभिमन सहसा शेरे लिहीत नसे — फोनवर बोलता बोलता शेतकऱ्याकडून पंप सुरू करवून घ्यायचा, तक्रार बंद करायचा आणि म्हणायचा, सुरू झाला ना, मग लिहायचं काय? आणि शेरा नसलेली तक्रार या जोडणीत येतच नव्हती. जोडणीच्या अटीत कंसातलं एक अधिक चिन्ह टाकलं की सगळ्या आल्या असत्या... टाकेन, टाकणारच आहे, घाई काय आहे?

फोन वाजला. शिरपूरकडची कुणी बाई.

"अभिमनभाऊ शेतस का?"

"जेवायला गेलेत. मला सांगा, काय बिघडलंय?"

"नही, त्यासलेच सांगनं शे. मंग करसू फोन."

ही तर माझ्या आईची बोली... कॉलेजात पोरं हसतात म्हणून मी ती जिभेवरून खरवडून काढली, आणि हा तीच बोलून साऱ्या गावांचा भाऊ होऊन बसला! हेवाच तो, दुसरं काय — लीलाधरने चिन्ह न टाकताच यादी छापायला दिली.

प्रिंटर करकरत असतानाच अभिमन आला. कागद फाडून घेऊन त्याने वाचला. लीलाधरच्या ओठांवर सबब तयार होती.

"बरोबर शे," अभिमन हसला. "तुम्हीच जा जळगावले, लीलाधरभाऊ. मी ते नुसता बोलतच ऱ्हास."

त्या हसण्यात कुठे खोच आहे का, हे लीलाधरने नीट शोधलं. नव्हती.

आपल्या वर दुसऱ्याचं नाव वाचून माणूस असा हसू शकतो?... मला नसतं जमलं, जन्मात नसतं जमलं. अभिमनने परत दिलेली यादी लीलाधरच्या हातात होती, साहेबांची केबिन समोरच होती, जळगाव जवळजवळ मिळालंच होतं — आणि त्याला अभिमनचा हेवा मघापेक्षा जास्त वाटत होता.