‘विशेष काही नाही’

बाटली गोळ्यांची, पण आत तीन स्क्रू. हलवली की आवाज मात्र गोळ्यांसारखाच. वरच्या चिठ्ठीवर त्याच्याच टपोऱ्या अक्षरात तारीख, आणि खाली दोन शब्द — ‘लेक रुसली’. अरे शहाण्या, पण हे स्क्रू कुठले, ते कोण लिहिणार?

छत्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं की हे असं होतं. बाटली दिसली की हात आधी तारीख घालतो... दुकान बंद केल्यापासून नऊ वर्षं तो या शेडमध्ये आपली गाडी सुटी करत होता — दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची, एके काळची हिरवीगार स्पोर्ट्स कार — आणि निघेल तो स्क्रू रिकाम्या बाटलीत टाकून वर तारीख नि त्या दिवसाची खूण लिहून ठेवत होता. एकशे बारा बाटल्या झाल्या. एकीवरही दार नाही, बॉनेट नाही, डावं-उजवं नाही.

जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करणारा मिस्त्री एका वेळी एकच गाडी घेतो. चार वर्षांनी याचा नंबर लागला, आणि काल मिस्त्रीनं बाटल्या पाहून कपाळाला हात लावला.

“काका, ही गाडी आहे की डायरी? असे स्क्रू आता कुठे मिळत नाहीत. उद्या चारला टेम्पो आणतो. कुठलं कुठे लागतं ते लिहून ठेवा, नाहीतर मी पुढच्याची गाडी घेईन.”

म्हणजे आणखी चार वर्षं. चौऱ्याहत्तरचे अठ्ठ्याहत्तर... आत्ताच त्या बुटक्या सीटमधून उठताना गुडघे बोंब मारतात. चालवायची तर आता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून आज सकाळीच तो बाटल्या मांडून बसला होता.

बायकोनं चहा ठेवला, चष्मा लावला आणि बाटली उचलली. “लेक रुसली. अहो, तेव्हा ती गाडी विका म्हणाली होती. तुम्ही नाही म्हणालात नि ती दार आपटून गेली.”

“हो! आणि मी इथे येऊन —” दार! तिच्यावरचा राग मी दारावर काढला, डाव्या... चहा तसाच ठेवून त्यानं लिहिलं : डावं दार, वरची बिजागरी.

मग सुटलीच गाडी. ‘साडू आला’ म्हणजे गाडीखालचा पत्रा. साडू दोन तास हलला नाही म्हणून हाही दोन तास खालून निघाला नव्हता. (“आणि मी त्यांना सांगत होते, बाहेर गेलेत!”) ‘वीज नाही’ म्हणजे पुढचे दिवे, असली अक्कल त्याचीच. ‘हिचं ऑपरेशन’ या बाटलीत एकच स्क्रू होता. त्या दुपारी दवाखान्यातून येऊन तो तिच्या सीटवर बसून राहिला होता, आपण आता एकटे उरणार या भीतीनं एकाच्या पुढे काही निघालंच नाही... त्यानं लिहिलं, ‘तुझी सीट’. तिनं वाचलं आणि बाटली पदरानं पुसून खोक्यात ठेवली.

पावणेचारला एक बाटली उरली. चार स्क्रू. ‘विशेष काही नाही’.

“मला नका विचारू,” ती म्हणाली. “काही आठवत नाही.”

“मलाही नाही.”

फाटकापाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. खरं तर घाम फुटायला हवा होता. मिस्त्री मोजून घेणार, या चारांवरूनही मोडता घालेल, काय नेम... पण त्या दिवशी, तो विचार करत होता, कुणी रुसलं नाही, कुणी आजारी नव्हतं, स्क्रू न कुरकुरता निघाले असतील, हिनं चहा आणला असेल, आपण पूर्ण प्यायलो असू. असले दिवस किती गेले! त्यांना बाटल्या पुरल्या नसत्या. त्याला एकदम फार बरं वाटलं.

“अहो, लिहा काहीतरी, आला तो.”

“लिहितो गं,” तो म्हणाला, आणि पेनाचं टोपण न काढता सकाळचा गार चहा त्यानं सावकाश, शेवटपर्यंत प्यायला.